दोर धरणारे

हडपसरात संपतच्या मंडपाच्या गोदामात वर्षभर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. लग्नाची कमान, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं स्टेज, पुढाऱ्याच्या सभेचा मांडव. पण मला अठरा फुटांवर टांगून घ्यायचंय, असं म्हणत आजवर कोणी आलं नव्हतं. स्पृहा आली आणि खुर्चीवर बसता बसता अगदी तसंच म्हणाली.

तिशी नुकतीच ओलांडलेली, किडकिडीत, बोलायला मऊ. आधी एका कंपनीत नोकरीला होती. ती सोडून आता लोकांसमोर असले प्रयोग करायची. त्यात गाणं नाही, नाटक नाही. ती स्वतः असायची आणि बघायला आलेले लोक असायचे, त्यांच्यात जे घडेल तोच प्रयोग. संपतला यातलं ओ की ठो कळलं नाही. तेव्हा तिनं टेबलावरच्या एका पावतीच्या पाठीमागे पेन्सिलीनं चित्र काढून दाखवलं.

औद्योगिक वसाहतीत एक बंद कारखान्याची शेड तिनं एका दिवसासाठी मिळवली होती. तिथं लोखंडी नळ्यांचा मनोरा उभा करायचा. वर कप्पी. कप्पीतून दोर. दोराच्या एका टोकाला बसायची फळी, तिच्यावर ती स्वतः. दुसरं टोक खाली येऊन जमिनीलगतच्या दुसऱ्या कप्पीतून आडवं बाहेर निघणार, रस्सीखेचीला धरतात तसं, आणि तिथून पुढं मोकळं पडून राहणार. ते कशालाही बांधायचं नाही. चार ते सात, तीन तास. बघायला आलेल्यांना वाटलं तर त्यांनी तिला वर घ्यावं, वाटेल तितका वेळ धरून ठेवावं.

"आणि लोकांनी सोडला तर?" संपतनं विचारलं.

"तर पडेन."

ही बस चुकली तर मागच्या बसनं जाईन, असं सांगावं तितक्या साधेपणानं ती हे बोलली.

संपतनं सरळ नाही म्हणून सांगितलं. खाली गाद्या टाकू म्हणाला, ती नको म्हणाली. कमरेला पट्टा बांधू म्हणाला, तोही नको म्हणाली. मग त्यानं कोपऱ्यात नळ्या मोजत बसलेल्या भैरूकडे बोट दाखवलं. भैरू त्याचा चुलतभाऊ. नऊ वर्षांपूर्वी एका कमानीच्या कामात चौघांनी दोर धरला होता आणि भैरू त्याच दोराला वर लोंबत होता. दोर सुटला. चौदा फुटांवरून भैरू फरशीवर आला. खुब्याचं हाड मोडलं, डावा पाय दोन बोटं आखूड झाला. त्या दिवसापासून संपतच्या हाताखालचा एकही माणूस पट्ट्याशिवाय शिडी चढला नव्हता.

तिला हे ऐकवलं की ती उठून जाईल, असा संपतचा अंदाज होता. ती उठली खरी, पण भैरूजवळ जाऊन खाली बसली आणि तासभर त्याच्याशी बोलत राहिली. पडताना काय वाटलं, हे तिनं विचारलं नाही. हात कोणाचा सुटला, एवढंच विचारलं.

"ते इचारू नका ताई," भैरू म्हणाला. "चौघंबी घरचीच हाईत."

त्या चौघांत संपत होता. तो पाठ फिरवून उगाच ताडपत्र्या नीट लावत राहिला. त्या दिवशी दोर सगळ्यांच्याच तळहातांतून जाळत गेला होता, आणि आधी कोणाची मूठ सैल पडली हे त्यालाही माहीत नव्हतं. आपलीच तर नसेल, हा प्रश्न घेऊन तो नऊ वर्षं झोपत होता. भैरूला विचारायची छाती कधी झाली नव्हती.

ती गेल्यावर भैरूच म्हणाला, "कर तिचं काम. तू न्हाई म्हनलास तर ती दुसऱ्याकडं जाईल. आन तो सडक्या नळ्या लावंल."

संपतनं पावतीमागचं ते चित्र उचललं आणि नळ्यांचा हिशेब मांडायला बसला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यानं मनोरा उभा केला. एकेक नट स्वतः आवळला. सुती दोर नवा आणला, चार माणसांना लोंबकळायला लावून ताणून पाहिला. आणि वरच्या कप्पीत कोणाला न सांगता एक खटका बसवला. खालून दोर सुटलाच तर तो आपोआप दोराला चावून धरणार. खालून दिसणार नाही अशी त्याची जागा होती. आपण फसवणूक करतोय असं संपतला वाटलं नाही. उलट आठवडाभरात पहिल्यांदा त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

रविवारी सकाळी स्पृहा आली आणि मनोऱ्यावर चढून स्वतः सगळं तपासू लागली. ती कप्पीपाशी बराच वेळ थांबली. खाली आल्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही माझी काळजी केलीत. पण तो खटका असेल तर लोकांच्या हातात काहीच राहत नाही. त्यांना वाटेल आपण धरलंय, आणि धरलेलं असेल लोखंडानं. मी त्यांच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. तुम्ही तो काढा. तुम्हाला जमणार नसेल तर मी काढते."

संपत वर चढला. आयुष्यात हजारो नट त्यानं डोळे मिटून सोडले असतील. हा एक सोडायला त्याला पाव तास लागला.

खाली उतरल्यावर तिनं त्याच्याकडून आणखी एक वचन घेतलं. प्रयोग चालू असताना त्यानं दोराला हात लावायचा नाही. कारण विचारलं तर म्हणाली, जाणता माणूस दोराला लागला की बाकीच्यांचे हात सैल पडतात. ते संपतला पटलं. मंडपाच्या कामात तसंच होतं, हे त्यानं पाहिलेलं होतं.

चारला शेडमध्ये शंभरेक माणसं जमली. कॉलेजची मुलंमुली, चित्रकार मंडळी, पेठांतून आलेली काही म्हातारी माणसं, वसाहतीतले सुट्टीवरचे चार-दोन कामगार. भैरू हौसेनं आला होता, मनोऱ्याजवळच्या खांबाला टेकून खुर्चीवर बसला. स्पृहा साध्या सुती कपड्यांत आली आणि जमिनीवर ठेवलेल्या फळीवर बसली. तिच्या मित्रानं, अभिनवनं, कागदावरून तीन वाक्यं वाचली. हा दोर स्पृहाला उचलतो. तो धरायचा की नाही, आणि कधी सोडायचा, हे तुम्ही ठरवायचं. सात वाजता प्रयोग संपेल. मग तोही बाजूला झाला.

आणि काहीच झालं नाही. पाच मिनिटं, दहा, वीस. लोक दोराकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. स्पृहा समोर बघत शांत बसलेली. संपतला मनातून बरं वाटू लागलं, की तीन तास असेच गेले तर देव पावला.

तेवढ्यात पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक सत्तरीचे गृहस्थ पुढे आले. हे दीनानाथ, सदाशिव पेठेतले निवृत्त शिक्षक. वर्तमानपत्रात चार ओळी वाचून एकटेच आले होते. त्यांनी खांद्यावरची कापडी पिशवी काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "स्वारगेटला बस बदलून आलोय. नुसती बसलेली माणसं घरीही आहेत."

त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला आणि ओढला. फळी जेमतेम हलली. मग मान मागे वळवून त्यांनी गर्दीकडे पाहिलं.

"आपण सगळे प्रेक्षक आहात की परीक्षक?"

लोक हसले आणि त्या हसण्यानंच बांध फुटला. पाच-सहा जण धावले. दोर ताठ झाला, कप्पी कुरकुरली आणि स्पृहा जमिनीवरून उचलली गेली. डोक्याइतकी, मग दाराइतकी, मग पार वर, जिथं शेडच्या तुटक्या काचांतून येणारं ऊन तिच्या पावलांवर पडलं. अठरा फूट. खाली सिमेंटची नागडी जमीन.

तेव्हा शेड अशी गप्प झाली की दोराचा पीळ ताणल्याचा बारीक आवाज ऐकू यायला लागला. संपतनं आजवर मूर्ती उचलल्या होत्या, झुंबरं उचलली होती. पण जिवंत माणूस आणि जमीन यांच्यामध्ये नुसत्या सहा जणांच्या मुठी आहेत, हे त्यानं असं बाजूला उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना लोक जसे आपोआप मागे सरतात, तशी माणसं अर्धा पाऊल मागे सरली होती.

पहिला तास चांगला गेला. थकलेला माणूस मान हलवायचा, कोणीतरी पुढे होऊन त्याच्या हाताच्या पुढं हात लावायचं, मग तो सुटायचा. हे कोणी शिकवलं नव्हतं. दीनानाथ मात्र सुटले नाहीत. एकीनं त्यांना बसायला सांगितलं, तर म्हणाले की बसण्यासाठी पुण्यात पुष्कळ कट्टे आहेत.

पण सव्वापाचनंतर नवलाई ओसरली. निम्मे लोक बाहेर चहाच्या टपरीवर गेले. कॉलेजची चार मुलं हसत आली आणि त्यांनी थकलेल्यांकडून दोर घेतला. त्यांतल्या सार्थक नावाच्या मुलानं गंमत म्हणून दोर जरा हलवला. वर फळी झोक्यासारखी डुलली. स्पृहानं दोन्ही हातांनी फळीची कड पकडली, तिची बोटं पांढरी पडलेली खालून दिसली. दीनानाथांनी मुलाकडे नुसतं पाहिलं. त्यानं हलवणं थांबवलं. पण मग त्याचा फोन वाजला. त्यानं एक हात काढला, मग दुसरा, आणि बोलत बोलत बाजूला झाला. बाकीच्या तिघांतले दोघे त्याच्या मागोमाग निघाले. प्रत्येकाला वाटलं, उरलेले धरताहेतच की.

उरले दोघं, दीनानाथ आणि एक हडकुळा पोरगा. दोर सरकला.

कप्पी किंचाळली. स्पृहा एका झटक्यात खाली आली, सहा फूट, आठ फूट. दीनानाथांनी दोर सोडला नाही. ते दोराबरोबर फरफटत पुढे ओढले गेले, चप्पल एकीकडे राहिली. संपत वचन विसरून धावत सुटला. पण त्याच्याआधी भैरूनं खुर्चीवरून स्वतःला दोरावर लोटून दिलं होतं. त्याला उभं राहून जोर लावता येत नव्हता, म्हणून तो तसाच जमिनीवर बसला, चांगला पाय खांबाच्या बुंध्याला रोवला आणि दोर कमरेभोवती घेऊन मागे रेलला. दोर थांबला.

स्पृहा जमिनीपासून दहा फुटांवर लटकत होती. ती ओरडली नव्हती. वर गेल्यापासून तिनं पहिल्यांदाच खाली पाहिलं.

संपत दहा पावलांत तिथं पोचला. पोचला तेव्हा त्याला दोरावर हात ठेवायला जागा नव्हती. बाहेरून, भिंतीकडून, खुर्च्यांवरून माणसं आली होती. कोणाच्या हातातला चहा वाटेत सांडला होता. एका बाईनं पर्स जमिनीवर टाकून दिली होती. वसाहतीतले कामगार होते, चित्रकार होते, नऊवारीतल्या एक आजी होत्या. तीस-पस्तीस माणसं एका दोराला लागली होती. संपत रिकामे हात घेऊन तिथंच उभा राहिला. हे सगळे अनोळखी. यांना कोणी पगार दिला नव्हता, कोणी हुकूम सोडला नव्हता.

अभिनव पांढराफटक पडला होता. त्यानं खालून तिला विचारलं, उतरवू का. तिला बोलता येत नव्हतं, ओठ हलले फक्त. मग तिनं मान हलवली, नको. पण उतरवायचं की नाही हे ठरवणं तिच्याही हातात नव्हतं. सगळ्यांनी दीनानाथांकडे पाहिलं. त्यांच्या तळहातातून रक्त येत होतं.

"वर घ्या," ते म्हणाले. "हळू."

आणि लोकांनी तिला पुन्हा वर घेतलं. बोट बोट करून, जणू काचेचं भांडं फळीवर ठेवताहेत.

त्यानंतर शेडमधून कोणी गेलं नाही. कोणी घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगत होतं, कोणी शेजाऱ्याला पाणी पाजत होतं. सार्थक परत आला. कोणी त्याला बोललं नाही, त्यानंही कोणाकडे पाहिलं नाही. दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन त्यानं दोन्ही मुठी आवळल्या आणि सात वाजेपर्यंत त्या उघडल्या नाहीत.

साडेसहाच्या सुमारास संपत फाटकाबाहेर गेला. दुकानाचं नाव छापलेला शर्ट त्यानं काढून टेम्पोत ठेवला आणि आतल्या बनियनवर टॉवेल टाकून परत आला. दारातल्या अभिनवला म्हणाला, की तो आता मंडपवाला म्हणून नाही, बघायला आलाय. अभिनवनं त्याच्याकडे पाहिलं आणि वाट दिली. भैरूच्या मागे वीतभर जागा होती, तिथं संपतनं दोर धरला.

उभा जन्म त्यानं दोर हाताळले होते. दोर म्हणजे त्याला वजन आणि गाठ. पण हा दोर हातात येताच तो चमकला. त्यात काहीतरी हलत होतं, अगदी बारीक, ठेक्यात. थोड्या वेळानं त्याला कळलं, वर ती श्वास घेत होती. तिचा श्वास कप्पीवरून उतरून चाळीस माणसांच्या तळहातांतून जात होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना ते कळत होतं. म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.

"संपत का रं?" भैरूनं मान न वळवता विचारलं.

"व्हय. कसं वळखलंस?"

"तू डावा हात फुडं घालतूस." भैरूनं पाय पुन्हा खांबाला रेटला. "तवाबी तसाच घातला व्हतास. तू सोडला न्हवतास, संपत. वरनं समदं दिसत व्हतं मला."

संपतच्या डोळ्यांपुढं दोर धूसर झाला. नऊ वर्षं सांगितलं का नाहीस, असं त्यानं कसंबसं विचारलं.

"तू इचारलंस कवा?" भैरू म्हणाला.

संपतनं डावी मूठ आणखी आवळली. हातात काम होतं.

सातला अभिनवनं वेळ संपल्याचं सांगितलं. कोणी दोर सोडेना. चढवणं सोपं असतं, उतरवायला एकजूट लागते, आणि पहिल्यांदा मूठ ढिली करायची कोणाचीच हिंमत होईना. शेवटी संपतच पुढं झाला. मंडपाच्या कामात लावतो तो सूर त्यानं लावला. सोडायचं नाही, हाताच्या मागं हात धरायचा, मी म्हणेन तेव्हा एकच मूठ. एक. पुन्हा एक. त्या सुरावर चाळीस जणांचे हात हलले आणि स्पृहा इंच इंच खाली आली. फळी जमिनीला टेकली तेव्हा एवढासा ठक् आवाज झाला.

तिनं उभं राहायचा प्रयत्न केला, पण पाय बधिर झाले होते. ती तिथंच जमिनीवर बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक आपापले तळहात बघत उभे होते, मग एकमेकांचे बघायला लागले. कोणी कोणाच्या हाताला हळद शोधत होतं, कोणी रुमाल फाडत होतं. नऊवारीतल्या आजींनी स्पृहाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेल्या.

संपत तिच्यासाठी पाणी घेऊन गेला. भीती वाटली का, असं त्यानं विचारलं.

"वाटली ना," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे. "मला वाटलं होतं थोड्या वेळानं कमी होईल. नाही झाली. अजूनही आहे."

हे ऐकून संपतला तिच्याविषयी जे वाटलं, ते आधी वाटत होतं त्याहून मोठं होतं. इतका वेळ तो समजत होता की ही पोरगी न भिणारी आहे.

दीनानाथांच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या आणि बसचं तिकीट काढणंही त्यांना जमलं नसतं. संपतनं त्यांना टेम्पोत घेतलं. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसले, भैरू मध्ये. हडपसरचा रस्ता मागं पडला, पूल आला, गाड्यांची गर्दी आली. स्वारगेट आलं. सिग्नलला टेम्पो थांबला तेव्हा दीनानाथ काचेतून बाहेर बघत म्हणाले, "अहो, ती मला ओळखत नाही. माझं नावसुद्धा तिला माहीत नाही. तरी माझ्या मुठीवर जीव ठेवून बसली."

सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि संपतनं गाडी पेठांच्या दिशेला वळवली.